भिंतीच्या दोन्ही बाजूंचा पिवळा तुकडा

फेझ,
एप्रिलचा शेवटचा गुरुवार

प्रिय तुरिया,

हे पत्र माझ्या हाताने लिहिते आहे, कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. मशिदीतल्या बायकांच्या वर्गाला मी दोन वर्षं जाते, हे केन्झाने तुला सांगितलं असेलच. तू पाचवीपर्यंत शाळेत गेलेली, तेव्हा चुका काढशील. काढ खुशाल, त्या निमित्ताने शेवटपर्यंत वाचशील तरी. फोनच केला असता, पण चार वर्षांत तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा मी "कशी आहेस" म्हटलं, तू "अल्लाची कृपा" म्हणालीस आणि फोन भावजयीच्या हातात दिलास. तुझी भावजय भली बाई आहे, पण तिच्या गुडघेदुखीची हकिकत आता मला तोंडपाठ झाली आहे.

तर बातमी अशी की अंगणातली भिंत मी सोलायला काढली आहे. तीच, तुझ्या-माझ्या मधली. माझ्या बाजूची सगळी झलीज, ती रंगीत तुकड्यांची नक्षी, निघाली, मागचा चुना आणि विटा उघड्या पडल्या आहेत. तुझ्या बाजूला नखसुद्धा लावलेलं नाही. ती तुझी आहे आणि तू हो म्हटल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं मी बूश्ताला बजावलं आहे. बूश्ता तुला आठवत असेल, आपल्या नवऱ्याच्या, मालेमच्या, हाताखाली वीस वर्षं झलीज मांडणारा, तुला "लहान लल्ला", धाकट्या बाई, म्हणायचा तो. आता दाढी पांढरी झाली आहे, पण बडबड तेवढीच आहे. त्याची सासुरवाडी तुझ्या सफ्रूचीच, उद्या नमाजानंतर तिकडे निघतो आहे. हे पत्र तोच तुझ्या हातात देईल.

हे सगळं आपल्या लेकीमुळे. मी "आपल्या" लिहिलं, तू वाचताना ओठ आवळले असशील, ठाऊक आहे मला. पण राहू दे. केन्झाला जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण, माहेरी यायला हवं, चाळीस दिवस राहायला हवं. मी फोनवर म्हटलं, ये, खोली झाडून ठेवते. तर म्हणाली, लल्ला, कुठल्या दाराने येऊ? तुझ्या दाराने आले तर मम्मा सफ्रूहून येणार नाही, आणि मम्माच्या दाराने यावं तर तिथे चार वर्षं कुलूप आहे. दोन दारांचं माहेर मला नको. घर एक होणार असेल तर येते, नाहीतर रबातला सासूबाईंकडेच बाळंत होते, त्या काही नाही म्हणत नाहीत. असं सरळ तोंडावर म्हणाली. बोलण्यात तुझ्यावर गेली आहे आणि हट्टात माझ्यावर, तिच्या नवऱ्याची मला कीवच येते. त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही. संध्याकाळी बूश्ताला निरोप पाठवला.

बूश्ता आला, भिंतीवरून हात फिरवला आणि उभाच राहिला. म्हणाला, लल्ला शामा, मालेमने बसवलेली झलीज काढायची म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडातले पक्के दात काढण्यातला प्रकार आहे. काढणाराही रडतो आणि काढून घेणाराही. मी म्हटलं, रडायचं ते मी बघते, तू छिन्नी काढ. मग त्याने वरच्या ओळीपासून सुरुवात केली. झलीजचा एकेक तुकडा पुढून रुंद आणि मागून निमुळता, चुन्यात रुतून बसलेला. समोरून ओढला तर कपची उडते, म्हणून मागून चुना कोरत जायचं आणि पाट्याएवढा भाग सुटला की दोघांनी धरून खाली घ्यायचा. मी खाली पाण्याची परात घेऊन बसले होते. भिजवायचं, चुना खरवडायचा, रंगाप्रमाणे टोपल्यांत टाकायचं. हिरवे, निळे, पांढरे, काळे. पंधरा दिवस हेच काम. नखं गेली, पण तुकडे फार फुटले नाहीत, शंभरातले दहाबारा असतील. बाहेर कुणकुण लागली तशी पर्यटकांना जुन्या वस्तू विकणारा एकजण दारात येऊन उभा राहिला, म्हणे सगळं एकदम घेतो. त्याला म्हटलं, बाबा, हे दोन सवतींचं भांडण आहे, ते विकत नेऊन तू झोपशील कसा? गेला हसत.

टोपल्या भरताना मालेमची फार आठवण येत होती. माणूस कसला, तराजू होता. देवाने दोन बायकांत न्याय करायला सांगितला आहे म्हटल्यावर त्यांनी त्याचं सोवळंच केलं. आठवतं तुला, कलिंगडं आणली की दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून तोलायचे, आणि तरी माझं गोड निघालं की तुझ्याकडे ओशाळवाणा चेहरा घेऊन जायचे. एक दिवस तुझ्याकडे, एक दिवस माझ्याकडे. ताप आला तरी अंगाभोवती घोंगडी गुंडाळून गल्लीतून ह्या दाराहून त्या दाराला जायचे. भिंत घालतानासुद्धा तोच घोळ. कारंजं माझ्याकडे राहिलं, लिंबाचं झाड तुझ्याकडे, आणि यात न्याय कसा झाला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण झलीज मात्र दोन्ही बाजूंना एकच. तोच आठ कोनांचा तारा, तेच चार रंग, तेवढ्याच ओळी. शपथ घेऊन म्हणाले होते की एका तुकड्याचाही फरक नाही.

आणि माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. आज लिहिते. माझ्या बाजूला, कारंज्याच्या डावीकडे, तिसऱ्या ओळीतल्या एका ताऱ्याभोवती सगळ्या पाकळ्या हिरव्या आणि एक पिवळी होती, मधासारखी. तू कधी पाहिली नसशील, भिंत झाल्यावर तू माझ्याकडे पाऊल टाकलं नाहीस. आता यांच्या कामात ते व्हायचंच. तुकडे जमिनीवर पालथे मांडायचे, चेहरा मातीकडे आणि पाठ आपल्याकडे, आणि पाठी सगळ्यांच्या सारख्याच भाजल्या मातीच्या. कुठला ढीग हिरव्याचा, कुठला दुसऱ्या कामातल्या पिवळ्याचा, ते हातानेच लक्षात ठेवायचं. वरून ओतलेला चुना सुकला, सगळे तुकडे धरून झालेला पाट उभा केला, की मग कळतं आपण काय केलं ते. माझा पाट उभा केला तेव्हा मालेमचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, एवढा एक तुकडा कोरून बदला. म्हणाले, राहू दे, शेजारचे तुकडे दुखावतील. पण मनात धरलं की माझा पाट आधी केला, त्यात हात चुकला. तुरियाचा मागून केला, तो अगदी नीट जमला असणार. तू जाईपर्यंत तेवीस वर्षं, तुरिया. रोज सकाळी चहा पिताना तो पिवळा तुकडा दिसायचा आणि रोज सकाळी मला वाटायचं, पलीकडे ती बिनचूक भिंतीसमोर बसून चहा पीत असेल.

तर माझी बाजू निम्मी झाली तेव्हा बूश्ता म्हणाला, इकडच्या हादऱ्याने तिकडची झलीज सुटते आहे का ते एकदा बघायला हवं. किल्ली केन्झाने रबातहून पाठवली. मी तुझं कुलूप काढलं. रागावू नकोस, चपला दारात काढून गेले आणि कशालाही हात लावला नाही. लिंबाच्या पानांचा ढीग झाला होता, तो मात्र झाडला, राहवलं नाही. तुझं पोट वाढत होतं तेव्हा त्या अर्ध्या अंगणात मी तुला मालिश करून दिली होती, आणि भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच तिथे उभी होते. बूश्ता भिंत ठोकून बघत होता. मधेच हसायला लागला. असा हसला की त्याला खाली बसावं लागलं. मी म्हटलं, वेड लागलं का तुला? त्याने बोट दाखवलं. तिसरी ओळ. एका ताऱ्याभोवती सगळ्या हिरव्या पाकळ्या आणि एक पिवळी.

बूश्ता म्हणाला, लल्ला, चूक एकदा होते. त्याच ओळीत, त्याच ताऱ्याला, दुसऱ्यांदा झाली तर तिला चूक म्हणत नाहीत. आता सांगतो, मी त्या दिवशी कारखान्यात होतो. पहिल्या भिंतीत पिवळा निघाल्यावर मालेम दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा पाट मांडताना पिवळ्या ढिगात हात घालून एक तुकडा उचलला, नीट बघून घेतला आणि हिरव्याच्या जागी ठेवला. मी म्हटलं, मालेम, तो पिवळा आहे. तर म्हणाले, गप्प बैस, तुला दोन बायका नाहीत.

कोणाची चूक खरी आणि कोणाची मुद्दाम केलेली, हे बूश्ताला आता आठवत नाही. पहिला पाट माझा होता की तुझा, तेही सांगता येत नाही म्हणतो. मी त्याला खोदून खोदून विचारलं, तो कानांवर हात ठेवून म्हणाला, मला ह्यात पाडू नका, मी उद्या मरणार आहे आणि मालेमला तोंड दाखवायचं आहे.

रात्र व्हायच्या आत केन्झाला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मला तिच्या पोटाची काळजी वाटायला लागली. मग तिने सांगितलं की तूही त्या तुकड्यावरून आयुष्यभर कुरकुरत होतीस. तू म्हणायचीस, मालेमचं सगळं लक्ष शामाच्या भिंतीत, म्हणून माझ्या वाट्याला ही चूक आली. बघ, म्हणजे आपण दोघी एकाच तुकड्याकडे बघून चहा कडू करून घेत होतो. मी केन्झाला म्हटलं, अगं, तू तर लहानपणापासून दोन्हीकडे बागडायचीस, रोज दोन्ही भिंती बघायचीस, तू कधी बोलली का नाहीस? तर म्हणाली, लल्ला, मला वाटायचं तो नमुनाच तसा आहे.

फोन ठेवल्यावर मी पायरीवर बसून राहिले. हसूही येत होतं आणि रडूही. मालेम गेले तेव्हा आपण दोघी चार महिने दहा दिवस पांढऱ्या कपड्यांत बसलो, एकाच माणसासाठी, मधे भिंत घालून. तुझ्याकडे येणाऱ्या बायका माझ्याकडेही यायच्या, एकीचे डोळे पुसून दुसरीचे पुसायला. मला तुझं हुंदके देणं ऐकू यायचं. मी माझी माळ ओढत बसायचे. शोकाची मुदत संपली त्याच दिवशी तू गाठोडं बांधलंस. जाताना केन्झाला म्हणालीस, भिंत शामाने मागून घेतली होती, आता तिनेच तिच्याशी बोलत बसावं. मला ते लागायचं तेवढं लागलं, पण मी दाराबाहेर आले नाही. कारण तू खोटं बोलली नव्हतीस. भिंत मीच मागितली होती.

पण का मागितली ते तुला माहीत नाही. मालेमनाही माहीत नव्हतं. तुला वाटतं मला सवत डोळ्यांसमोर नको होती. अगं, तुला मीच शोधून आणलं होतं. हमामात पाहिलं, पाठीवरून पाणी ओतताना, आणि घरी येऊन मालेमना म्हटलं, माझी तेरा वर्षांत कूस उजवली नाही, ही मुलगी करा. तू एकोणीस वर्षांची, पहिले सहा महिने माझ्याच ओढणीला धरून फिरायचीस. मला कसली अडचण होणार तुझी? सगळं नीट होतं, केन्झा बोलायला लागेपर्यंत. घरात सगळे तुला तुरिया म्हणायचे, म्हणून तीही तुला तुरिया म्हणायला लागली. आणि मी सकाळ-संध्याकाळ तिला उचलून फिरायचे, तर मला यम्मा, आई, म्हणायला लागली. तू हसण्यावारी न्यायचीस. पण तू बाजूला वळून तोंड धुवायचीस, आणि मला ते दिसायचं.

मग तिला तो गोवर झाला, तीन वर्षांची असताना. भर दुपारची वेळ होती. तू व्हिनेगरच्या पाण्याची वाटी आणि फडकं घेऊन तिच्याजवळ बसलीस, आणि तिने तुझा हात ढकलला, "तू नको, यम्मा हवी" म्हणाली आणि माझ्या मांडीत येऊन निजली. तू वाटी हातात धरून तशीच बसून राहिलीस. मी मान खाली घातली. तुला वाटलं असेल मला वाईट वाटलं. नाही तुरिया. मी हसत होते. तुझ्या पोटची पोर तुला सोडून माझ्याकडे आली म्हणून मला इतका आनंद झाला होता की तो तुला दिसू नये म्हणून मान खाली घातली होती. असा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदाची मला भीती वाटली. त्याच आठवड्यात मी मालेमना म्हटलं, मला हिच्याबरोबर एका अंगणात राहायचं नाही, मधे भिंत घाला. त्यांनी कारण विचारलं, मी तोंड फिरवून बसले. भिंत झाली. तीन महिन्यांत केन्झा तुला मम्मा म्हणायला लागली आणि मला लल्ला. मी दाराला कडी लावून रडले, पण जे हवं होतं ते झालं होतं. तुझ्यावर रुसून भिंत मागितली नव्हती गं. ती नसती घातली तर मी तुझी मुलगी घेतली असती आणि तू मला घेऊ दिली असतीस. तुझा स्वभावच तसा होता.

तुझ्या बाजूची झलीज काढायची परवानगी बूश्तानेसुद्धा तोंडी मागितली असती, त्यासाठी मला पाच पानं लिहायची गरज नव्हती. मी लिहिते आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. काल केन्झाने विचारलं, लल्ला, बाळ झालं की दवाखान्यातून घरी आणल्यावर आधी कुणाच्या हातात देऊ? तिने सहज विचारलं आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले, फोन कानाला असताना. चौसष्ट वर्षांची झाले तरी तीच मी. आता मधे भिंत नसणार, म्हणून तू हवी आहेस. मे संपायच्या आत ये. पाहुणी म्हणून नको, सामान घेऊन ये. बाळ आधी तुझ्या हातात यायला हवं, तू त्याला पोटाशी धरून पुरेसं बघून घ्यायला हवंस, आणि केन्झाने तुला मम्मा म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकायला हवं. तोवर मी स्वयंपाकघरात असेन, बाळंतिणीसाठी मेथी आणि मसूर घालून कोंबडी शिजवत. दार लोटून घेईन. तुझं बघून झालं की मला हाक मार. नाही मारलीस, तरी मी आपणहून बाहेर येणार नाही.

तुझीच, आणि ह्या खेपेला हात मागे बांधून बसलेली,
शामा